बाबांची वही, बेलापूरची घरं आणि आपला कॉन्ट्रॅक्टर

आमच्या सेक्टरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांतून एकदा तरी हा मेसेज येतोच, "वर एक रूम काढायची आहे. चांगला कॉन्ट्रॅक्टर कोणी सुचवेल का?" खाली लगेच पाच-सहा नंबर पडतात. चार महिन्यांनी त्याच माणसाचा दुसरा मेसेज येतो. तो इथे लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी वाचलेला असतो.

या वेळी विचारणारी मीच होते. आमचं नेरूळचं सिडकोचं रो-हाऊस. वरचा मजला २००९ पासून अर्धाच आहे, एक खोली आणि बाकी उघडी गच्ची. आईला आता जिना चढवत नाही. तिला खालची खोली द्यायची आणि आम्ही वर जायचं, म्हणजे गच्चीच्या उरलेल्या भागावर एक खोली आणि बाथरूम हवं. काम एवढंच. पण २००९ चा अनुभव असा होता की नंबर हातात असूनही आठ दिवस फोन लावला नाही. त्याऐवजी कपाटातून बाबांची वही काढली. आणि वहीतून जे निघत गेलं त्याचीच ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात लेखा शाखेत कारकून होते. आयुष्यभर ठेकेदारांची बिलं तपासली. १९८६ साली त्यांनी आमच्या घराच्या मागे एक खोली वाढवली, तिचा हिशेब या वहीत आहे. रेतीचे ब्रास किती, खडीचे किती, विटा किती, त्यातल्या फुटक्या किती निघाल्या. (नवीन मुलांसाठी : ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याकडे रेती-खडी अजून याच मापाने येते.) प्रत्येक शनिवारी एक ओळ : मिस्त्री इतके दिवस, बिगारी इतके दिवस, बाई-बिगारी इतके दिवस, पैसे दिले. शेजारी मिस्त्रींचा अंगठा. कॉन्ट्रॅक्टर हा शब्द अख्ख्या वहीत एकदाही नाही.

तेव्हा पद्धतच ती होती. माल मालकाचा, मजुरी रोजावर. मिस्त्री म्हणजे गवंडीच, थापी-ओळंबा घेऊन स्वतः भिंतीला लागणारा. तो नाक्यावरून दोन बिगारी आणायचा. नकाशा म्हणाल तर बाबांनी चुन्याने जमिनीवर आखलेली रेघ. "साहेब, दार इकडे घेऊ का तिकडे?" असं विचारायचं आणि तिथल्या तिथे ठरायचं. करारपत्र वगैरे काही नाही. गंमत बघा, जो माणूस दिवसभर ऑफिसात सहीशिवाय पैसा सोडत नव्हता, त्याने घरचं काम तोंडी केलं. आणि ते उत्तम झालं. ती खोली आज ३५ वर्षांवर उभी आहे, भिंतीला भेग नाही.

वहीतली सर्वांत जास्त पानं मात्र सिमेंटवर खर्च झाली आहेत. कोणाकडे गोण्या आहेत, कधी मिळतील, किती मिळतील. आज कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला की टेम्पो येतो, त्यामुळे हे समजत नाही. पण २८ फेब्रुवारी १९८२ पर्यंत सिमेंटवर सरकारचं पूर्ण नियंत्रण होतं. घर दुरुस्तीला चार गोण्या हव्यात तरी अर्ज आणि परमिट. त्या टंचाईने तर या राज्याचा मुख्यमंत्री गेला. बिल्डरांना सिमेंट मिळालं आणि त्याच्या बदल्यात त्यांनी मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला देणग्या दिल्या, असा आरोप इंडियन एक्स्प्रेसने १९८१ मध्ये छापला. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि बॅरिस्टर अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं गाजला, तो वेगळा विषय. त्यानंतर लवकरच सिमेंट अर्धवट मोकळं झालं. ठरावीक हिस्सा सरकारी भावाने, बाकी बाजारभावाने. पूर्ण नियंत्रण उठायला १ मार्च १९८९ उजाडला. बाबांची खोली बरोबर या मधल्या काळातली.

टंचाई वाईट हे खरंच. पण तिने एक गोष्ट आपोआप केली होती. सिमेंट इतकं मौल्यवान होतं की मालक ते दुसऱ्याच्या ताब्यात देतच नव्हता. गोण्या आमच्या बैठकीच्या खोलीत, पलंगाखाली होत्या. रोज सकाळी बाबा मोजून काढून द्यायचे आणि ऑफिसला जायचे. म्हणजे मालावर नजर, कामावर नजर, आणि पैसे आठवड्याला. मिस्त्रीने काम सोडलं तर बाबांचं नुकसान जास्तीत जास्त एका आठवड्याचं. बाबांनी पैसे बुडवले तर मिस्त्रीचंही तेवढंच. त्या अंगठ्याच्या ठशामागे हे गणित होतं. मी कितीतरी वर्षं त्याला "जुन्या लोकांचा विश्वास" समजत होते.

आता थोडं बेलापूरला जाऊ, कारण घर वाढवण्याचा विचार आपल्या शहराइतका गंभीरपणे क्वचितच कुठल्या शहराने केला असेल. सीबीडीच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज सगळ्यांना माहीत आहे, फोटो काढायला जातो आपण. ते मुळात फोटोसाठी नव्हतं. नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये ज्या तिघांनी मांडली, त्यांतले एक चार्ल्स कोरिया (दुसरे दोघे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल). सिडकोची स्थापना १९७० ची, आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यांनीच १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, साधारण ६ हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी ही वसाहत केली. म्हणजे बाबा मागची खोली बांधत होते, त्याच काळात.

त्या घरांची खरी गोष्ट अशी की ती अपुरी म्हणूनच आखली होती. आज दोन खोल्या घ्या, पगार वाढला की तिसरी काढा, मुलाचं लग्न झालं की वर चढा. आणि हे सगळं गावातल्या साध्या गवंड्याकडून करून घेता यावं, अशी रचना. वीटकाम, कौलारू उतरतं छप्पर, कुठेही अवघड तंत्र नाही. प्रत्येक घर सुटं. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे वाढवताना शेजाऱ्याची परवानगी नको आणि भांडणही नको. शेजारच्या अंगणात डोकावेल अशी खिडकी ठेवायची नाही. संडास मात्र दोन घरांचे पाठीला पाठ लावून, पाईपचा खर्च वाचावा म्हणून. साधारण ८ मीटर बाय ८ मीटरच्या चौकाभोवती ७ घरं, असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा चौक, मग त्याहून मोठा. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या घरातले. श्रीमंत-गरीब असा जमिनीत फार फरक ठेवायचा नाही, हे त्यामागचं तत्त्व.

आज तिथे फिरून या. कौलारू मूळ घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी ती वाढवली नाहीत, पाडली आणि जागेवर स्लॅबची दोन-तीन मजली घरं बांधली. वास्तुरचनेचे विद्यार्थी येऊन हळहळतात. मला तेवढी हळहळ वाटत नाही. राहणाऱ्या माणसाला जागा हवी होती, ती त्याने घेतली. कोरियांचं तत्त्व तेच होतं. पण एक गोष्ट त्या आराखड्यात धरलेली होती ती टिकली नाही : घर वाढवणारा माणूस मालक आणि त्याचा गवंडी असेल, ही. कौलारू विटांच्या भिंतीवर दुसरा मजला चढत नाही. त्याला कॉलम लागतात, बीम लागतात, सळई बांधणारा फिटर लागतो, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याने लागतात, स्लॅब भरायला एका दिवसात वीस-पंचवीस माणसं लागतात. एवढं सगळं एकत्र आणणं एकट्या गवंड्याच्या आवाक्यातलं नाही. ते जमवणारा माणूस म्हणजे कॉन्ट्रॅक्टर.

दुसरं कारण रेल्वेचं आहे. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत. सगळी नवी मुंबई सकाळी सातला घराबाहेर पडून रात्री आठला परतायला लागली, नवरा-बायको दोघंही. बाबा कोकण भवनला होते, दुपारी जेवायला घरी येऊन भिंत बघून जायचे. मी सीएसटीला जात होते. माझ्या घरी गोण्या मोजून देणार कोण? त्यात सिमेंट मोकळं झालेलं, गृहकर्ज सहज मिळायला लागलेलं, जमिनीचे भाव चढलेले. मग सगळ्यांनी एकच वाट धरली : चौरस फुटाचा दर, माल-मजुरीसह, "तुम्ही फक्त चावी घ्या."

मिस्त्री गेला आणि ठेकेदार आला. तोंडी व्यवहार मात्र तोच राहिला. सगळी गडबड इथे आहे.

बाबांच्या ऑफिसात ही गडबड कधीच होऊ शकली नसती. सरकारने ठेकेदाराकडून काम करून घेण्याचं शास्त्र फार आधी बसवलं होतं. लष्करी मंडळाकडची बांधकामं काढून स्वतंत्र बांधकाम खातं डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास उभं राहिलं. रस्ते, पूल, कचेऱ्या, सगळं ठेक्यावर. आणि ठेकेदार फसवणार हे गृहीत धरूनच नियम केले. (अधिकारीही फसवणार, हेही गृहीत होतं. म्हणूनच एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने तपासायचं.) त्यातली माझी आवडती वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तक. लहानपणी बाबांच्या टेबलावर पाहिलेलं आहे. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खाडाखोड केली तर तिथे सही. इंजिनियरने जागेवर टेप लावून लांबी, रुंदी, उंची लिहायची, त्यावरून बिल, त्या बिलातूनही काही टक्के सुरक्षा ठेव म्हणून कापून ठेवायचे. काम संपल्यावर दोष निघाले तर दुरुस्त करून द्यायची मुदत ठरलेली. ती मुदत सरली, दोष दूर झाले की मग ठेव परत. दरसूचीत नसलेलं काम निघालं तर त्याचा दर आधी मंजूर करून घ्यायचा.

म्हणजे झालेलं काम मोजल्याशिवाय पैसे नाहीत, शेवटचा घास हातात ठेवायचा, आणि जादा काम आधी कागदावर. दीडशे वर्षं सरकार स्वतःचं घर असं बांधतंय. (सरकारी रस्त्यांकडे बघून तुम्ही हसाल. हसा. नियम असूनही ही अवस्था आहे, मग नियम नसताना काय होईल?) पण यातलं काहीही आपल्या घराच्या कामात उतरलं नाही. आपण ठेका दिला सरकारसारखा आणि व्यवहार केला बाबांच्या मिस्त्रीसारखा.

२००९ मध्ये मी नेमकं हेच केलं. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आला होता. नाव सांगणार नाही, त्याचा उपयोगही नाही. लेटरहेडवर एक पान : इतके चौरस फूट, इतका दर, एकूण इतके. सिमेंट कोणतं, सळई किती जाडीची, टाईल्सचा दर काय धरला, काही नाही. पैशांचे टप्पे त्यानेच लिहिलेले. सुरू करताना आगाऊ, कॉलम उभे राहिल्यावर, मग स्लॅबला मोठा हप्ता. स्लॅब भरली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, कामगारांना जेवण दिलं, आणि हिशेब केला तेव्हा ८० टक्के पैसे गेले होते. काम साधारण निम्मं झालं होतं. वीटकाम, गिलावा, वायरिंग, प्लंबिंग, फरशी, दारं-खिडक्या, रंग, सगळं बाकी.

स्लॅबनंतर कॉन्ट्रॅक्टर का गायब होतात याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. उरलेल्या कामाला त्याला लागणार ४० रुपये, आणि आमच्याकडून मिळणार २०. कुठला माणूस येईल? त्याने आमच्या पैशांतून आधीच्या मालकाचं अडलेलं काम पुरं केलेलं असतं आणि आमचं पुरं करायला पुढच्या मालकाचा आगाऊ लागतो. तो लबाडच असतो असं नाही. ते चक्र आहे, आणि ते आपण आपल्या हाताने फिरवून देतो.

मग जादा कामाची यादी आली. जिना धरला नव्हता म्हणे. वरच्या टाकीचा ओटा धरला नव्हता. मी म्हटलं, लिहिलं कुठे होतं? तो म्हणाला, नव्हतं कुठे लिहिलं होतं? दोघांचंही बरोबर. इथे कायदा काय म्हणतो ते मला नंतर कळलं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. शिवाय त्याच कायद्याचं कलम ७० म्हणतं की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. यावरचा गाजलेला निकाल बंगालचा आहे. बी. के. मंडल आणि सन्स या ठेकेदारांनी तिथल्या सरकारी खात्यासाठी रीतसर करार नसताना बांधकाम केलं, सरकारने वापरलं आणि पैसे नाकारले. डिसेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे "लिहिलेलं नव्हतं, देणार नाही" हे आपलं आवडतं वाक्य कोर्टात टिकेलच असं नाही. जिना आपण वापरतो ना रोज? मी पैसे दिले.

पण मनातून जात नाही ती गोष्ट दुसरी आहे. गिलाव्याच्या वेळी परांचीची बल्ली सरकली आणि एक बिगारी खाली पडला. विशीतला मुलगा, त्या दिवशी सकाळी नाक्यावरून आणलेला. मनगट आणि खुबा मोडला. कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. आम्हीच त्याला रिक्षात घालून नेलं, आम्हीच उपचाराचा खर्च केला, आणि सहा आठवड्यांनी त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. त्याची नुकसानभरपाई कोणाची? तेव्हाच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात ठेकेदाराच्या माणसासाठी मुख्य मालकालाही धरता येत होतं, पण काम त्या मालकाच्या धंद्याचं असेल तर. मी काही बांधकामाचा धंदा करत नव्हते. राहिला कॉन्ट्रॅक्टर, तर त्याच्याकडे हजेरीपट नाही, विमा नाही, तो मुलगा त्याच्याकडे कामाला होता याचा चिटोराही नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये खास कायदा झाला, पण त्याने स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांपर्यंतचं काम करणाऱ्या माणसाला व्याख्येतून वगळलं. आमचं काम त्यात बसत होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो मुलगा आमच्या गच्चीवर नव्हताच. बाबांच्या वहीत प्रत्येक बिगाऱ्याचे दिवस लिहिलेले आहेत. माझ्याकडे त्या मुलाचं पूर्ण नावही नव्हतं.

तक्रार का नाही केली, असं ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच. "रेरात जा" असंही सांगतात. रेरा २०१६ चा, आणि तो विकण्यासाठी प्रकल्प बांधणाऱ्यांसाठी आहे. आपल्या घरावर खोली चढवणारा कॉन्ट्रॅक्टर त्यात येत नाही. ग्राहक न्यायालयात मात्र जाता येतं. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी हा शब्द "सेवा"च्या व्याख्येत घातला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घर बांधून देणं ही सेवाच आहे असं स्पष्ट केलं. वाट आहे. पण वाटेवर न्यायला हातात काही हवं. माझ्याकडे एक लेटरहेड होतं आणि निम्मे पैसे रोख दिलेले. तीस वर्षं सरकारी बिलं तपासणाऱ्या माणसाची मी मुलगी!

आता परवानगीचं. या वेळी भेटलेल्या तिघांपैकी दोघांनी सांगितलं, "मॅडम, पंधराशे फुटांपर्यंत परवानगी लागतच नाही आता." हे अर्धसत्य आपल्या शहरात जोरात फिरतंय म्हणून लिहिते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. सोपी म्हणजे नकाशा काढायचा नाही असं नाही. वास्तुरचनाकाराने किंवा परवानाधारक इंजिनियरने प्रमाणित केलेले नकाशे द्यायचे, शुल्क भरायचं, त्याची पोच घ्यायची. मार्जिन, चटईक्षेत्र, सगळे नियम लागू. त्यात आपल्या जमिनी सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेल्या, म्हणजे आधी तिथे चौकशी. हे न करता बांधलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस मालकाच्या नावाने येते. कॉन्ट्रॅक्टरच्या नाही. "नंतर रेग्युलर होतं सगळं" म्हणणाऱ्यांनी दिघा आठवावा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये तिथल्या इमारतींवर कारवाई झाली. नंतर २०१७ मध्ये कायद्यात कलम ५२ अ घालून नियमित करण्याची सोय झाली खरी, पण ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना आणि अटींसह. तुमची खोली त्या तारखेच्या आधीची आहे का?

तर या वेळी मी काय केलं. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं, पैसे देऊन. कारण २००९ मध्ये पुढच्या खोलीसाठी म्हणून कॉलमच्या सळ्या गच्चीवर हातभर उभ्या ठेवलेल्या. आपल्या शहरात अर्ध्या गच्च्यांवर अशा आहेत. खाडीची हवा आणि इतके पावसाळे खाऊन त्यांची साल निघालीय. मला वाटत होतं त्यालाच जोड देऊन काम होईल. इंजिनियर म्हणाले, आधी काँक्रीट फोडून खाली चांगली सळई कुठे लागते ते बघू, मग बोलू. तिघांपैकी एकाही कॉन्ट्रॅक्टरने त्या सळ्यांकडे वाकून बघितलं नव्हतं. मग एकाने, तिसऱ्याने, स्वतःहून विचारलं की खालचा जुना भाग किती सालचा आणि त्या वेळी रेती कुठली होती. खाडीची रेती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ आतून सळई खातं. वही काढून दाखवली. खुश झाला तो. त्याला काम द्यायचं तिथेच ठरलं, त्याचा दर मधला होता तरी.

मग दोन पानं मराठीत लिहिली. वकिली भाषा नाही. काय बांधायचं, कोणत्या मालाने, टाईल्सना दर काय धरला, जिना आणि टाकीचा ओटा आत की बाहेर. आगाऊ थोडाच, पुढचे पैसे दर शनिवारी झालेलं काम टेप लावून मोजून, सगळे बँकेतून. जादा काम निघालं तर दर आधी ठरवून दोघांनी व्हॉट्सअॅपवर "मान्य" लिहायचं, मग हात लावायचा. पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत माझ्याकडे, गळती नसेल तर परत. स्लॅबला किमान दहा दिवस पाणी मारायचं आणि टेकू इंजिनियर सांगतील तेव्हाच काढायचे. आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन एका वहीत, शिवाय कामगारांचा अपघात विमा. त्याचा हप्ता मी भरते म्हटलं. फार नसतो तो.

मला वाटलं कागद बघून पळेल. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाला, "ताई, आमचे पण शेवटचे पैसे मालक लोक बुडवतात. घरात राहायला जातात आणि फोन उचलत नाहीत. एका डॉक्टरांकडे माझे दोन वर्षं अडकलेत." खरं आहे. ग्रुपवर ही बाजू कधी येत नाही, कारण कॉन्ट्रॅक्टर ग्रुपवर नसतात. त्याने दोन वाक्यं घालायला लावली. एक, शनिवारचं मोजमाप झाल्यावर सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर मंगळवारी माणसं येणार नाहीत. दोन, भिंत बांधून झाल्यावर मालकिणीने जागा बदलली तर पाडकामाचे पैसे आणि दिवस वेगळे. पाच टक्क्यांवर घासाघीस झाली, चारवर आलो. सह्या झाल्या.

सिडकोकडे आणि महापालिकेत कागद दिलेत. पोच मिळाली की सुरू, बहुतेक दिवाळीनंतर. दोन रेघांची नवी वही आणून ठेवली आहे. आईने पहिल्या पानावर तारखेची जागा सोडून "श्री" लिहिलंय, आणि खाली बाबांच्या वहीसारखेच रकाने आखून दिलेत : मिस्त्री, बिगारी, बाई-बिगारी. एक रकाना मी वाढवला, पूर्ण नावाचा.